हिरव्यावर पाय न ठेवता

माझ्याकडे तेव्हा जी लेन्स होती ती पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांची होती. हातभर लांब, वजनदार, पुण्यातल्या एका स्टुडिओवाल्याकडून जुनी घेतलेली. ती लावून मी रानफुलांचे फोटो काढायचो. आहुप्याच्या पठारावर कधीमधी पुण्याहून येणारे हौशी लोक भेटत. ते फुलापुढे पोटावर आडवे व्हायचे, कोपरं चिखलात रुतवायचे आणि मी मात्र लांब काळ्या खडकावर स्टँड रोवून उभा. "पक्षी कुठाय काका?" असं विचारून ते पुढं जायचे. मी नुसता हसायचो. खरं कारण कुणाला सांगायला जीभ उचलत नसे.

खरं कारण माझी आई होती. आमच्या घरात आईला बाई म्हणतात. आमचे पूर्वज राजस्थानातून आले, घोडेगावच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान टाकून बसले आणि इथलेच झाले. बोलणं मराठी, गिऱ्हाईक डोंगरातलं. पण जैन धर्म घरात जसाच्या तसा राहिला आणि तो सगळ्यात जास्त बाईनं राखला. चौमासात, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांत, ती हिरव्यावर पाय ठेवत नसे. गवतात जीव असतो. शेवाळात तर मोजता येणार नाहीत इतके जीव. मागच्या अंगणात फरश्यांच्या फटींतून गवत उगवलं की ती एका फरशीच्या मध्यावरून दुसरीच्या मध्यावर पाऊल टाकत विहिरीकडे जायची. लहानपणी आम्ही तिच्या मागून तसेच चालायचो. आम्हाला तो खेळ वाटायचा.

मला फुलांचा नाद लागला तेव्हा मी चाळिशीकडे आलो होतो. फुलं फुलतात ती नेमकी त्याच चार महिन्यांत. बाईनं मला स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागी, नेलं, चौमासाला आलेल्या साध्वीजींसमोर उभं केलं आणि चौमासात हिरव्यावर पाय न ठेवण्याचा नियम मला घ्यायला लावला. नाद आपोआप सुटेल, असा तिचा हिशेब असावा. मी नियम घेतला आणि लेन्स बदलली.

त्या लेन्सची एक खोड होती. तिच्यातून पाहिलं की अंतर कळेनासं व्हायचं. अलीकडचा सोनकीचा ताटवा आणि कितीतरी मागं असलेला दुसरा, दोन्ही एकमेकांना चिकटून एकच पिवळी भिंत उभी राहायची. फोटो बघणारे म्हणायचे, काय दाट फुलं आहेत. प्रत्यक्षात ती तेवढी दाट नसायची आणि मला उगाच कुणाला फसवल्यासारखं वाटायचं. मला तसं लवकर वाटतं. गिऱ्हाइकाला कापड मोजून देतानाही मी वीतभर जास्तच फाडतो आणि घरी बोलणी खातो.

त्या वर्षीचं पर्युषण, म्हणजे आमचं उपवासाचं पर्व, होऊन गेलं होतं. बाईनं तीन दिवसांचा निर्जळी उपवास केला होता आणि ती अजून सावरलेली नव्हती. तेवढ्यात पेठेतल्या कुणीतरी तिच्या कानावर घातलं की तुमचा मुलगा पठारावर गवतात लोळून फोटो काढतो. ते खोटं होतं. लोळणारे दुसरे. पण ऐकल्याबरोबर माझे कान तापले आणि ते तिनं पाहिलं.

"रविवारी जाणार आहेस ना?" तिनं विचारलं.

"हो."

"मीपण येते."

"तुला कशाला त्रास? रस्ता किती खराब आहे."

"गाडीत बसायला काय त्रास? फुलं मला बघायची नाहीत का कधी?"

जुन्या व्हॅनमधून आम्ही निघालो. डिंभ्याच्या धरणाचं पाणी डावीउजवीकडे करत रस्ता वर चढत होता. ती खिडकीतून बघत होती आणि मी तिच्याकडे. तपासायला आली आहे, हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि दोघंही पिकापाण्याचं बोलत होतो.

वर पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. आठवडाभर पाऊस नव्हता. रस्त्याच्या कडेपासून काळ्या खडकाची एक पाठ सुरू होते, तिच्यापलीकडे गुडघाभर सोनकी आणि सोनकीच्याही पलीकडे पठार संपतं. तिथून खाली थेट कोकण.

"तू उभा कुठं राहतोस ते दाखव," बाई म्हणाली.

मी दाखवलं. तिनं खडक वाकून पाहिला. एका खोलगटात शेवाळ होतं, ते टाळून ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी कॅमेरा खाली करून तिला त्यातून बघायला लावलं. तिनं एक डोळा मिटला आणि दुसरा कॅमेऱ्याला लावला.

"इतकी जवळ दिसतात?"

"हो."

"मग पुढं जायचं कारणच नाही." तिनं कॅमेऱ्यापासून तोंड बाजूला केलं. चेहरा मोकळा झाला होता. "तू तुझं कर. मी सामायिक करून घेते."

सामायिक म्हणजे दोन घडींची, अठ्ठेचाळीस मिनिटांची, ध्यानाची बैठक. आसन घालायचं, तोंडाला मुहपत्ती बांधायची, वाळूची घडी उलटी करून ठेवायची आणि वाळू पूर्ण उतरेपर्यंत जागा सोडायची नाही. बाई त्यात मौन धरायची. घर पेटलं तरी ती उठणार नाही, असं माझी बायको म्हणायची आणि ते थट्टेनं म्हणत नसे.

पिशवी घेऊन ती स्वच्छ जागा शोधायला गेली. कुठं गेली ते मी पाहिलं नाही. मला एक झुडूप सापडलं होतं. सोनकीच्या पिवळ्या गर्दीत तेरड्याचं एकच गुलाबी झुडूप, वाऱ्यानं सतत हलणारं. लांबच्या लेन्सला थोडा वाराही चालत नाही. मी श्वास धरून वारा पडायची वाट बघत होतो. मग प्रकाश मऊ झाला. सावल्या गेल्या, फुलांचे रंग आतून उजळल्यासारखे दिसायला लागले. असा प्रकाश मिळावा म्हणून लोक तासन् तास थांबतात. मी एकामागून एक फोटो घेत होतो आणि मनातून खूश होतो.

मान वर केली तेव्हा कळलं की तो प्रकाश नव्हता, धुकं होतं. कोकणातून कड्यावर चढून आलं होतं आणि मला वीस हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं.

"बाई," मी हाक मारली. मग मोठ्यानं. मग दोन्ही हात तोंडाशी धरून.

व्हॅनमध्ये ती नव्हती. व्हॅनच्या मागं नव्हती. खडकाच्या या टोकाला नव्हती. त्यातून नेसलेली पांढरी साडी. वडील गेल्यापासून ती पांढरंच नेसायची. धुक्यात पांढरी साडी शोधायची म्हणजे काय, ते मी तेव्हा अनुभवलं. जिकडे बघावं तिकडे ती होती आणि कुठंच नव्हती. ती ओ देत नाही याचा अर्थ ती मौनात आहे, असं मी स्वतःला समजावत होतो. पण ओ न देण्याचा दुसराही अर्थ होता.

रस्त्याच्या अंगानं घंटेचा आवाज आला. डोक्यावर घोंगडी घेतलेला एक म्हातारा म्हशी घेऊन येत होता.

"कुनाला हुडकताय, पावणं?"

"आई आहे माझी. म्हातारी. पांढरी साडी."

"मगाशी गेली की त्या अंगाला. देवळाकडं." त्यानं रस्त्याच्या खालच्या बाजूला काठी दाखवली.

मी धावलो. वळणापर्यंत गेल्यावर लाकडाची मोळी खाली ठेवून बसलेली एक म्हातारी दिसली. तिची साडी पांढरी नव्हती, विटकी होती. मी तसाच परत फिरलो.

"न्हाई व्हय ती?" म्हातारा म्हणाला. "मंग मला न्हाई दिसली. आन तुमी काय करत व्हता?"

"फुलांचे फोटो काढत होतो."

"फुलांचं?" त्यानं खडकावरच्या माझ्या कॅमेऱ्याकडं पाहिलं. "फुलं काय पळून जात न्हाईत, राव. म्हातारी जाती."

मी खडकावर येऊन उभा राहिलो आणि स्वतःला जबरदस्तीनं थांबवलं. बाई कुठंही गेली नसणार. बाई हिरव्यावर जात नाही, म्हणजे सोनकीत गेली नाही. शेवाळावर बसत नाही, म्हणजे या खडकावर बसली नाही, कारण इथं खोलगटाखोलगटात शेवाळ आहे. तिनं असा खडक शोधला असणार ज्यावर काहीच उगवलेलं नाही. पठारावर असा खडक एकाच ठिकाणी असतो. जिथं खालून येणारा वारा दिवसरात्र फिरतो आणि दगड कोरडा ठेवतो तिथं.

म्हणजे थेट कड्यावर.

खडकाची पाठ उजवीकडे वळसा घेत कड्याकडे जाते आणि मग कड्याच्या ओठावरून परत डावीकडे येते, हे मला ठाऊक होतं. ऊन असताना ती त्या वळशानं चालत गेली असणार, नागड्या दगडावरून, एकाही पात्याला न दुखवता. दुसरं कुणी असतं तर गवतातच बसलं असतं आणि सुरक्षित राहिलं असतं.

मी डोळा कॅमेऱ्याला लावला आणि लेन्स डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवली. पांढरं, पांढरं, पिवळं, पांढरं. मग धुकं क्षणभर फाटलं आणि सोनकीच्या वर मला ती दिसली. ताठ बसलेली, माझ्याकडे पाठ, डोक्यावरून पदर. तिच्या पलीकडे काही नव्हतं. नुसता पांढरा पडदा, तिच्या अंगाला चिकटलेला. कडा तिच्यापासून हातभर आहे की पन्नास हात, हे लेन्स सांगत नव्हती. मी लेन्सवरून डोळा काढून नुसतं पाहिलं, तर तीच दिसेना. पुन्हा डोळा लावला. धुकं मिटलं होतं.

आता ओरडायचं नव्हतं. ती दचकली असती, वळली असती. खडकाच्या वळशानं गेलो तर वेळ लागणार होता आणि त्या वाटेवर मीच घसरलो असतो. सरळ गेलं तर मध्ये सोनकी होती. नियम आठवला नाही असं मी म्हणणार नाही. आठवला. कॅमेरा स्टँडवर तसाच सोडून मी सोनकीत उतरलो आणि धावलो.

पायाखालची जमीन दिसत नव्हती. दगड, खड्डे, साचलेलं पाणी, सगळं फुलांखाली. प्रत्येक पावलाला देठं मोडल्याचा ओला आवाज येत होता. इतकी वर्षं मी ही फुलं पाहत होतो आणि त्यांना वास असतो हे मला माहीत नव्हतं. कडवट, हिरवा वास. ओली फुलं गुडघ्यांना घासत होती आणि एवढ्या भीतीतही ते माझ्या अंगाला बरं वाटलं. आई कड्यावर बसलेली असताना मला काहीतरी बरं वाटलं, हे लिहितानाही हात अडखळतो. पण ते तसं होतं.

सोनकी संपली, कोरडा खडक लागला तेव्हा कुठं मी पावलं हळू केली. ती समोर होती. तिच्यापुढे खडक जेमतेम दोन हात उरला होता. त्यापुढे धुकं खालून वर येत होतं, उकळत्या दुधासारखं.

मी कडेनं तिच्यासमोर गेलो. तिनं डोळे उघडले, मला पाहिलं, पुन्हा मिटले. मुहपत्तीमागे ओठ हलत होते. शेजारी वाळूची घडी होती. वरच्या काचेत अजून बरीच वाळू बाकी होती.

तिचा दंड धरून तिला मागं ओढावं, असं हाताला वाटत होतं. पण सामायिकात बाई पुरुषाचा स्पर्श होऊ देत नाही, मग तो मुलगा का असेना. आणि मी धरलं असतं तर तिनं अंग चोरलं असतं. तिथं अंग चोरायला जागा नव्हती. शेवटी मी तिच्या आणि कड्याच्या मध्ये जाऊन बसलो, तिच्याकडे तोंड करून. माझ्या पाठीला वारा लागत होता. पाठीमागं काय आहे ते मला माहीत होतं आणि मी वळून पाहत नव्हतो. मी वाळूकडे पाहत होतो. ती फार हळू पडत होती.

थोड्या वेळानं बुरबुर सुरू झाली. खडक आधी ठिपक्याठिपक्यांनी आणि मग सगळाच काळा झाला. बाईनं पदर पुढं ओढला. उठली नाही. लांबून म्हाताऱ्याची हाक आली, "घावली का म्हातारी?" मी उत्तर दिलं नाही. बोललो तर तिचं ध्यान मोडेल याची मला तेव्हाही धास्ती होती.

वाळू उतरली. बाईनं शेवटचा पाठ मनात म्हटला, मुहपत्ती सोडली, पुंजणीनं, त्या लोकरीच्या मऊ झाडणीनं, आसनाभोवतीची जागा हलकेच झाडली.

"असा मध्ये येऊन का बसलास?"

"मागं बघ माझ्या."

"बघूनच बसले होते. दोन हात सोडले की मी. इथं स्वच्छ होतं."

"मी हाका मारत होतो."

"ऐकत होते." ती थांबली. "फार मारल्यास. मला वाटलं, तुला काही झालं. तरी उठता येईना."

तेवढ्यावर ती उठली, पिशवी भरली आणि आली त्या वाटेनं, कड्याच्या ओठावरून, निघाली. मी वाटेत आडवा आलो.

"तिकडून नाही. खडक भिजलाय. आपण गवतातून जायचं."

"लग्न होऊन आल्यापासून चौमासात हिरव्यावर पाय ठेवला नाही मी."

"मी उचलून नेतो तुला."

"उचलून नेलंस तर माझं वजन कुठं जाईल? तुझ्या पायाखालीच ना? न चालून मी काय वाचवलं मग?"

"बाई, पडशील तू."

"पडले तर पडले. वय झालंय."

"मी तुला त्या वाटेनं जाऊ देणार नाही," मी म्हणालो. तिच्याशी या आवाजात मी कधी बोललो नव्हतो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग पहिल्यांदाच माझ्या पायांकडे. पँटला गुडघ्यापर्यंत पिवळ्या पाकळ्या चिकटल्या होत्या. तिची नजर माझ्यावरून सोनकीकडे गेली. मी आलो होतो तिथं देठं आडवी पडली होती.

"हे तू केलंस?"

"हो."

"धावत आलास?"

"हो."

ती त्या खुणांकडे वाकून बघू लागली. पाऊस वाढत होता.

"मेलं ते मेलं," ती शेवटी म्हणाली. "त्यावर पाय ठेवीन. नव्यावर नाही ठेवणार."

मी पुढं झालो. तिनं साडी वर धरली, माझा हात धरला आणि खडकाला लागून असलेल्या माझ्या पावलाच्या खुणेवर पाय ठेवला. नीट, मधोमध. मग ती थांबली. मी धावत आलो होतो. त्याच्या पुढची खूण तिच्या पायांना पोचण्यासारखी नव्हतीच. मध्ये सोनकी तशीच उभी होती, पाण्यानं वाकलेली, धडधाकट.

आम्ही दोघंही त्या मधल्या जागेकडे बघत होतो. मागं कडा होता, पुढं धुकं. पाप स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं आणि केलेल्याला बरं म्हणणं, तिन्ही सारखंच, हे तिनंच मला लहानपणी शिकवलेलं. ती काय ठरवते आहे ते मला कळत होतं आणि तिच्याऐवजी ते मी ठरवायला हवं होतं. पण मी नुसता उभा राहिलो.

"इथं ठेव पाय," ती म्हणाली.

मी ठेवला. धावताना मोडली ती मी न बघता मोडली होती. या वेळी मी कोणती फुलं पायाखाली घेतो ते बघत होतो. मी पाय उचलला, तिनं तिथं आपला ठेवला. तुडवलेल्या जिवांची क्षमा मागत पुटपुटली, "मिच्छामि दुक्कडं." मग मोठ्यानं, "आता इथं."

असे आम्ही आलो. ती जागा दाखवायची, मी तुडवायचो, ती त्यावर यायची. एकदा मी घाईत तिनं दाखवल्यापेक्षा मोठा पाय टाकला तर म्हणाली, "एवढा नको. लहान पुरतो मला." धुक्यातून म्हाताऱ्याची आकृती दिसायला लागली. आमच्याकडे बघत काठीवर रेलून उभा होता.

"काय राव, नाचताय व्हय?" त्यानं विचारलं. "आन सरळ का येत न्हाई? गवातच हाय की."

बाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिची नजर खाली होती, पुढच्या पावलाची जागा शोधत. माझ्या हातावरची तिची पकड घट्ट होती. काळा खडक आता समोर दिसत होता. आमच्या आणि त्याच्यामध्ये सोनकीचा शेवटचा पट्टा होता, आणि तिथं माझी खूण नव्हती, कारण खडकावरून उतरताना मी उडी मारली होती.

"दोन लागतील," बाई म्हणाली.

मी दोन पावलं ठेवली.